नळीतला पीळ

के. आर. मार्केटच्या कलकलाटातून वाट काढत बंगळुरूच्या किल्ल्यापाशी पोचलं, की पहिला उद्गार निघतो तो ‘एवढाच?’ असा. एक दरवाजा, थोडी तटबंदी, आत एक छोटं गणपतीचं देऊळ. बाकीचा किल्ला शहराने कधीच गिळून टाकला. तिथल्या एका दगडी पाटीवर इंग्रजीत कोरलंय की २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून ब्रिटिश फौज आत शिरली. लॉर्ड कॉर्नवॉलिसची स्वारी ती. त्याआधी दोन आठवडे, ७ मार्चला, पेठेच्या वेशीवर मद्रास आर्टिलरीचा कर्नल मूरहाउस पडला होता. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके आपल्या फौजा घेऊन कॉर्नवॉलिसला मिळाले ते नंतर, मे महिन्याच्या अखेरीस मेलकोट्याजवळ. बंगळुरू पडलं तेव्हा भाऊ धारवाडच्या वेढ्यात अडकले होते.

त्या मोहिमेवर पुष्कळांनी लिहिलंय. माझा आजचा विषय जरा वेगळा आहे, आणि तो तुमच्यापैकी प्रत्येक जुन्या सैनिकाने हजार वेळा डोळ्यांनी पाहिलेला आहे. रायफल साफ केल्यावर नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघतो ना आपण, तेव्हा आत दिसणाऱ्या त्या वळत गेलेल्या रेघा. नळीतला पीळ.

खडकवासल्याला आमच्या उस्तादांनी तो पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. ‘बैरल में छह ग्रूव, दाहिना घुमाव, बारह इंच में एक चक्कर!’ एसएलआरचा पाढा. झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडातून तेच यायचं. पण बाराच का? दहा का नाही, वीस का नाही, हे उस्तादांनी कधी सांगितलं नाही. त्याचं उत्तर गोळीच्या लांबीत आहे. वजनात नाही, लांबीत. आणि या उत्तरापर्यंत पोचायला जगाला जी शंभरेक वर्षं लागली, त्यात आपल्या देशाचा वाटा वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

आधी मूळ अडचण बघू. गोल गोळीला पुढचं टोक नाही, मागचं नाही. ती हवेत उलटली काय आणि सुलटली काय, फरक पडत नाही. लांबट गोळीचं तसं नसतं. तिच्यावर हवेचा जो जोर येतो तो वजनाच्या मध्याच्या पुढे, नाकाकडे येतो. नाक जरा जरी तिरकं झालं तरी हवा ते आणखी ढकलते आणि गोळी आडवी होते, कोलांट्या खाते. रेंजवर बट पार्टीत उभं राहिलेल्याने असं टार्गेट पाहिलेलं असतं: गोल भोकाऐवजी कागदावर गोळीची अख्खी आडवी आकृती उमटलेली, कुलपाच्या भोकासारखी.

यावर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला बाणाचा: मागे पिसं लावा, शेपूट लावा, म्हणजे हवेचा जोर मागे येतो आणि टोक आपोआप पुढे राहतं. दुसरा भोवऱ्याचा: वस्तू स्वतःभोवती इतकी जोरात फिरवा की हवेने ढकललं तरी ती पडत नाही, नुसती मान डोलावते.

पहिल्या उपायात बंगळुरू आणि म्हैसूरकर जगाच्या पुढे होते. पेशवाईच्या कागदांत ‘बाण’ हा शब्द येतो तो धनुष्याच्या तीरासाठी नव्हे, तर या अग्निबाणासाठी. आपल्याकडेही ते होते, पण हैदर-टिपूंनी लोखंडी नळी वापरून त्यांचा पल्ला वाढवला. इंग्रजांनी नेलेल्या दोन बाणांची मापं बंगळुरूचेच थोर वैमानिकी शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात दिली आहेत. त्यातल्या एकाची लोखंडी नळी जेमतेम १९८ मिलिमीटर लांब, आणि तिला चामड्याच्या वादीने बांधलेला बांबू १.९ मीटरचा! नळीच्या जवळजवळ दहापट शेपूट. दुसऱ्याला बांबूऐवजी मीटरभर लांबीचं तलवारीचं पातंच बांधलेलं. दारूगोळ्याच्या गाडीवर हे लांबलचक बांबू लादून नेणाऱ्यांचे काय हाल होत असतील, ते लॉजिस्टिक्स सांभाळलेल्यांनाच कळेल. पुढे इंग्लंडात काँग्रिव्हने हेच बाण सुधारून नेपोलियनविरुद्ध वापरले, तरी दांडा काही सुटला नाही. तो काढला विल्यम हेलने, १८४४ मध्ये. जळता वायू तिरप्या भोकांतून बाहेर सोडून त्याने बाणालाच गरगर फिरवलं. म्हणजे बाणाचा भोवरा केला.

बंदुकीला शेपूट लावता येत नाही, नळीत मावणार कुठे? तिथे भोवराच हवा. नळीत पेच कापायची युक्ती तशी जुनी. पण गोळी गोल होती तोवर त्या पेचाला फार काम नव्हतं. १८०० साली इंग्रजांनी घेतलेल्या बेकर रायफलच्या ३० इंची नळीत गोळी जेमतेम पाव फेरा घ्यायची. म्हणजे १२० इंचांत एक फेरा. गोल गोळीला तेवढा पुरतो. हा १२० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कसा घसरत जातो बघा.

लांबट गोळीची एक वेगळीच कटकट होती. ती पेचात घट्ट बसायची तर नळीच्या तोंडातून ठासताना हातोडीने ठोकावी लागणार, आणि सैल ठेवली तर पेच तिला धरणारच नाहीत. यावरचा उपाय सुचला तो दक्षिण हिंदुस्थानात. ३४ व्या पलटणीतला कॅप्टन जॉन नॉर्टन इथे असताना त्याने स्थानिक लोकांची शिकारीची फुंकनळी पाहिली. तिच्या तीराच्या बुडाशी कमळाच्या देठातला मऊ गर लावलेला असे. फुंकर बसली की तो गर फुगून नळीला चिकटायचा, वारा बाजूने निसटत नसे. नॉर्टनने १८२३ मध्ये तीच युक्ती शिशाच्या गोळीला लावली: लांबट गोळी, बुडाला पोकळ. सैल आत जाते, आणि दारूचा भडका उडाला की बूड फुगून पेचात रुतते. त्याची गोळी सरकारने नाकारली. पुढे फ्रान्सच्या मिनिएने १८४९ मध्ये तशीच गोळी काढली आणि ब्रिटिश सरकारने त्याला २०,००० पौंड मोजले. ज्याच्या फुंकनळीवरून हे सगळं सुचलं त्या शिकाऱ्याचं नाव अर्थातच कुणी लिहून ठेवलं नाही.

मिनिएच्या वाटेनेच १८५३ ची एन्फिल्ड रायफल आली. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळी ०.५६८, वजन ५३० ग्रेन, तीन पेच, ७८ इंचांत एक फेरा. साध्या मस्केटने शंभर यार्डांपलीकडे माणूस टिपणं म्हणजे नशिबाचा भाग होता. या एन्फिल्डची साइट हजार यार्डांच्या घरात जायची. पण नळी आणि गोळी यांच्यामधल्या त्या बारीक फटीत कागद लागे, आणि दारूच्या काजळीतून तो सरकावा म्हणून त्याला वंगण लागे. ते वंगण कशाचं, हा प्रश्न जानेवारी १८५७ मध्ये दमदमला उठला. पुढचं मी सांगायला नको. मराठी मुलखात ३१ जुलैला कोल्हापूरची २७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उठली. बंडाला कारणं शंभर होती, पण काडतुसाच्या त्या कागदापाशी मात्र आपण लांबट गोळी आणि पेच यांच्या गणितातून पोचलो होतो, हे इतिहासाच्या पुस्तकात क्वचित लिहिलेलं असतं.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी पलटणींकडून एन्फिल्ड काढून घेतल्या आणि १८५८ च्या नमुन्याच्या नव्या बंदुका दिल्या. बाहेरून पाहिली तर हुबेहूब एन्फिल्ड. तीच लांबी, तोच दस्ता, तेच पितळी सामान. आत नळी ०.६५६ इंच व्यासाची, आणि गुळगुळीत. पेच नाहीत. वर-खाली सरकणारी साइटही नाही, नुसता ठोकळा. कारण पीळ नसलेल्या बंदुकीला लांबच्या पल्ल्याची साइट हवी कशाला? परेडवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या गोऱ्या आणि हिंदी शिपायांच्या हातांत सारखीच हत्यारं दिसायची. फरक फक्त नळीत डोकावल्यावर कळायचा. त्याच काळात फौजेची फेररचना करणाऱ्या १८५९ च्या आयोगाचा अध्यक्ष होता जोनाथन पील. नावाचा योगायोग, दुसरं काय!

मी शस्त्रांविषयी वाचतो तेव्हा या बंदुकीपाशी दर वेळी थांबतो. अविश्वास फर्मानात लिहिता येतो, भाषणात बोलता येतो, पण इथे तो पोलादात कोरलेला आहे. किंवा खरं तर न कोरलेला. पुढेही तेच धोरण राहिलं. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर आपल्याकडे स्नायडर आली, त्यांना १८८८ ची ली-मेटफर्ड मिळाल्यावर आपल्याकडे मार्टिनी. कायम एक पिढी मागे. आणि तरी आपले लोक सरहद्दीवर, अफगाणिस्तानात, चीनमध्ये लढलेच.

इकडे विलायतेत मात्र गोळी बारीक आणि लांब होत चालली होती. एन्फिल्डलाच आव्हान दिलं जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने. त्याने वजन तेच ठेवलं, ५३० ग्रेन. पण नळी केली ०.४५१ इंचाची, षटकोनी. वजन तेच आणि जाडी कमी, म्हणजे लांबी वाढणारच. ती जवळजवळ तीन व्यास झाली. मग एन्फिल्डचा ७८ इंची पीळ कसा पुरणार? व्हिटवर्थने तो २० इंचांवर आणला. १८५७ च्या चाचण्यांत त्याच्या रायफलने एन्फिल्डला लांब पल्ल्यावर पार मागे टाकलं. दोन्ही गोळ्या तराजूत सारख्याच, पण एकीला जवळजवळ चौपट पीळ लागला! ‘जड गोळीला जास्त पीळ’ हे अजूनही रेंजवर ऐकू येतं. त्याला एवढं एक उदाहरण पुरे.

या सगळ्या अनुभवाचं गणित मांडलं वूलिचच्या तोफखाना कॉलेजातले प्राध्यापक आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी, १८७९ मध्ये. डोळ्यापुढे तोफगोळे होते, पण हिशेब रायफललाही लागू पडला. तो इतका सोपा आहे की चहाच्या कपाशेजारी करता येतो. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते काढा. त्या आकड्याने १५० ला भागा. आलेलं उत्तर म्हणजे गोळीने किती व्यासांच्या अंतरात एक फेरा पुरा करायला हवा. व्हिटवर्थची तीन व्यासांची गोळी घ्या: १५० भागिले ३, म्हणजे ५० व्यास. ०.४५१ ने गुणलं की साडेबावीस इंच. त्याने सूत्र नसताना २० ठेवले होते. वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर गेला तर १५० च्या जागी १८० घेतात. सूत्र ढोबळच आहे, पण फसवत नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांची कवायत ३०३ वर झाली त्यांच्यासाठी. ३०३ चा पीळ १० इंचांत एक फेरा, तोही डावीकडे. सुरुवातीची गोळी २१५ ग्रेनची, बोथट नाकाची. १९१० मध्ये मार्क ७ आली, टोकदार, १७४ ग्रेनची. एकदम ४१ ग्रेन हलकी. वजनावर पीळ ठरत असता तर नळ्या बदलाव्या लागल्या असत्या. बदलल्या नाहीत, कारण लांबी जवळजवळ तेवढीच राहिली, १.२८ इंच. हे जमलं कसं? गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलं होतं. हिशेब करा: १.२८ भागिले ०.३११, म्हणजे चार व्यासांहून थोडं जास्त. उत्तर येतं साडेअकरा इंचांच्या आत. नळीत आहेत १०. पुरेसं, आणि वर थोडी शिल्लक.

बदलावी लागली ती साइट. जुन्या गोळीचा वेग सेकंदाला २,०६० फूट, नवीचा २,४४०. मार्ग सपाट झाला, जुन्या खुणा चुकल्या. म्हणूनच १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजन मार्सेलच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा हिंदी पलटणींना हातातल्या रायफली जमा करून नव्या घ्याव्या लागल्या. हिंदुस्थानात मार्क ७ काडतूस तोवर आलं नव्हतं आणि फ्रान्समध्ये दुसरं मिळणार नव्हतं. पुन्हा तीच एक पिढी. ज्या हत्याराशी जवानाची वर्षानुवर्षांची ओळख, ते आघाडीवर जायच्या तोंडावर बदललं, आणि नव्याची ओळख पुरती होण्याआधीच काही आठवड्यांत ते ईप्रच्या खंदकांत होते. झिरोइंगसाठी एक दिवस कमी मिळाला तर आपण किती कुरकुर करतो!

आपल्या पिढीची गोष्ट ५.५६ ची. अमेरिकनांच्या पहिल्या एआर-१५ मध्ये १४ इंचांत एक फेरा होता. गोळी १९ मिलिमीटरची, ५५ ग्रेन. उन्हाळ्यात ठीक चाललं, कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या भरकटल्या. थंड हवा दाट असते, दाट हवा नाकाला जास्त जोराने ढकलते. १९६३ मध्ये पीळ १२ वर आणला. नंतर १९८० मध्ये नाटोने बेल्जियमची एसएस-१०९ गोळी स्वीकारली: ६२ ग्रेन, आत पोलादी टोक. पोलाद शिशाहून हलकं, म्हणून तेवढं वजन भरायला जागा जास्त लागली आणि लांबी गेली २३ मिलिमीटरवर. १८० वाला हिशेब केला तर जुन्या गोळीला १२ इंच पुरतात, हिला १० लागतात. जुन्या नळीतून नवी गोळी मारली की टार्गेटवर आडवी भोकं. मग एम-१६ए२ ला ७ इंच का ठेवले? कारण ट्रेसर. त्याच्या पोटात जळणारं मिश्रण मावायचं तर तो लांब होतो, साधारण २९ मिलिमीटर. त्याला ८ इंचांच्या आतला पीळ हवा, त्यात थंडीची तजवीज धरली की ७. म्हणजे नळीचा पीळ ठरवते ती मॅगझिनमधली सगळ्यात लांब गोळी. मग ती शंभरात पाच का असेना.

आपली इन्सास पुण्याच्या पाषाणच्या एआरडीईत घडली ती हा सगळा गोंधळ होऊन गेल्यावर. जुन्या १२ इंची नळ्यांचं ओझं आपल्या डोक्यावर आलं नाही. उशिरा येण्याचे काही फायदेही असतात.

सियाचीनला जाऊन आलेले विचारतील, मग तिथल्या थंडीचं काय? तिथे उंची मदतीला येते. साडेपाच हजार मीटरवर, शून्याखाली ३० अंशांतही, हवा समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच दाट असते. थंडीने जेवढी दाट केली त्याहून जास्त उंचीने विरळ केली. गोळी तिथे खालच्यापेक्षा जास्त स्थिर उडते. तिथे चुकते ती साइट, पीळ नव्हे. बंगळुरूलासुद्धा, सव्वानऊशे मीटरवर, मुंबईपेक्षा हवा दहाव्या हिश्शाने विरळ आहे. खरी परीक्षा समुद्रसपाटीजवळच्या गोठवणाऱ्या थंडीत, अलास्कासारख्या ठिकाणी. आपल्या नशिबी तसा मुलूख नाही.

ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे त्यांनी स्वतः पीळ मोजून बघावा, मजा येते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. मूठ मोकळी फिरणारा क्लीनिंग रॉड घ्या, त्याला घट्ट बसेल अशी चिंधी लावून नळीत थोडा आत सारा. रॉडवर नळीच्या तोंडाशी एक खूण आणि वरच्या बाजूला एक खूण करा. आता सावकाश ढकला. रॉड स्वतःच फिरू लागेल. वरची खूण एक फेरा घेऊन पुन्हा वर आली की थांबा, आणि रॉड किती आत गेला ते मोजा. ३०३ वर १० इंच यायला हवेत, डाव्या अंगाने. झिजलेल्या नळीत चिंधी सरकते आणि आकडा मोठा येतो, तेव्हा दोन-तीनदा करून बघा.